जावयांनी ढवळलेलं पोर्क

माझ्या जावयांना सगळं येतं. ते लोकांच्या घरी स्वयंपाकघरं बसवून देतात, म्हणजे ट्रॉल्या आणि कपाटं विकतात. पण बोलायला लागले की वाटावं, अन्न शिजवायचा शोध यांच्याच घराण्यात लागला. फिलिपिन्सला ते आठ दिवस जाऊन आले. कंपनीने नेलं होतं. राहिले हॉटेलात, फिरले बसमधून. तरी आल्यापासून तिथल्या डुकराच्या मांसाविषयी असं सांगतात, जणू तिथल्या डुकरांशी त्यांचा घरोबा होता.

म्हणूनच परीक्षेला तिथलाच डुकराच्या मांसाचा पदार्थ त्यांनी नेमला. परीक्षा माझी होती. गेल्या महिन्यात मी चहाचं आधण ठेवून वाचत बसलो आणि भांडं काळंठिक्कर पडलं. तेव्हापासून वृद्धाश्रमाचा फॉर्म मुलीच्या पर्समध्ये आहे. शेवटी तिने तोड काढली. मी एकट्याने एक जेवण नीट करून वाढायचं. जमलं तर मी माझ्याच घरात राहायचं आणि तो विषय बंद. नाही जमलं तर सही.

चाळीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. त्यामुळे आधी पुस्तकं आणली, तीन. मग खाटकाकडे गेलो. चरबीचा पदर असलेला तुकडा मागताना माझा आवाज असा काही आत गेला, की त्याने दोनदा "मोठ्याने बोला, आजोबा" म्हटलं. आदल्या दिवशी मांसाचे तुकडे सोया सॉस, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, मिरे आणि तमालपत्र यांत मुरत घातले. तिन्ही पुस्तकं एका बाबतीत ठाम होती: व्हिनेगर उकळून त्याचा उग्रपणा उडेपर्यंत डाव घालायचा नाही, आणि त्यानंतर आच मंदच ठेवायची. तीन पुस्तकांचं एकमत मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही.

दोघं सहाला आले. मुलगी बाहेर ताटं मांडू लागली. जावई थेट ओट्याशी. पातेल्यात नुकते कुठे बुडबुडे येत होते. त्यांनी डाव उचलला आणि चुना कालवावा तसं खालपासून वरपर्यंत ढवळलं. मांसाला असं झोपवून ठेवायचं नसतं, तिकडे सारखं हलवतात, असं मला समजावलं. मग गॅस पूर्ण मोठा केला.

ते चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण लगेच मन खाऊ लागलं. हा माणूस निदान तिकडे जाऊन तरी आला. मी कुठे गेलो? पुस्तकंही चुकतात, आणि चुकलेल्या पुस्तकांच्या नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या आहेत. तेव्हा "गॅस बारीक करा" हे तीन शब्द उच्चारण्याऐवजी मी खात्री करून घ्यायला आतल्या खोलीत गेलो. असल्या भेकडपणाला मी आजवर सभ्यपणा म्हणत आलो आहे.

पान सापडलं. माझंच बरोबर होतं. पुढच्या पानावर तिकडे नारळाच्या आणि उसाच्या रसाचं व्हिनेगर कसं करतात याची हकीगत होती. ती उभ्याउभ्याच वाचू लागलो. पातेल्याजवळ माणूस आहे, ही समजूत होती. माणूस कसला. तो फोनवर कुणाला तरी कपाटाच्या बिजागऱ्या गळ्यात मारत होता.

वास आला तेव्हा मुलगी माझ्याआधी पोचली होती. तिने गॅस बंद केला. रस आटून तळ करपला होता. जावयांनी फोन खिशात घातला आणि अतिशय दुःखी चेहरा केला. बाबा पुन्हा पुस्तकात रमले, त्यांची काही चूक नाही, वयच तसं आहे, असं ते म्हणाले. पातेल्यापासून वीतभर अंतरावर उभे राहून म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आच कुणी वाढवली, बाबा?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"मी वाढवली," जावई म्हणाले. "पण चुकत होतं तर यांनी सांगायचं ना मला."

त्या माणसाने सहा वर्षांत काढलेलं ते पहिलं शहाणं वाक्य असावं, आणि नेमकं ते माझ्यावर होतं.

"तुम्ही बघितलंत ना त्याला वाढवताना?" मुलीने विचारलं.

"बघितलं. वाटलं, त्यांना माहीत असेल."

तिने पर्स ओढली, फॉर्म काढून ओट्यावर ठेवला. "गॅस विसरला असतात तर मी समजून घेतलं असतं. पण समोरचा चुकतोय हे दिसतंय आणि तोंड उघडत नाही, असा माणूस एकटा कसा राहणार? उद्या कुणीही दारात येईल आणि तुम्हाला गुंडाळून जाईल."

जावयांनी पेनही पुढे केलं. तत्परता अशी की खिशाला पेन लावूनच आले असावेत.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. आवाज खाटकाने ऐकला नसता इतका बारीक. म्हणून पुन्हा म्हणालो, "जाणार नाही मी. आणि तुम्ही... तुम्हाला यातलं काडीइतकंही कळत नाही. माझ्या ओट्यापासून बाजूला व्हा."

ते खरंच बाजूला झाले. मला वाटलं, आता मुलगी चिडेल. तिने पातेल्यातले वरचे, न करपलेले तुकडे एकेक करून दुसऱ्या भांड्यात काढले, एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. आंबट लागतंय, पण मऊ झालंय, म्हणाली. फॉर्म घडी करून तिने पर्समध्ये टाकला. फाडला नाही.

जेवताना जावई एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना ते जमतं, हे मला ठाऊकच नव्हतं.