हॉटेलचे पत्र माझ्यातून निघाले

मित्रांनो, दिग्रसच्या बसस्थानकासमोर इंदुताईंचे मोबाईलचे दुकान आहे. त्याच्या मागच्या फळीवर, वायरींच्या गुंत्यात जे करडे खोके पडले आहे, ते म्हणजे मी. एक जुने फॅक्स यंत्र.

एका गावी यंत्रात घातलेला कागद टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावी जसाच्या तसा छापून देणे, हे माझे काम. इंदुताईंनी मला नागपूरहून एसटीने, मांडीवर घेऊन आणले. तेव्हा हे दुकान म्हणजे एसटीडी बूथ होते. दीपमाला नावाची हुशार मुलगी मला चालवायची. बदलीचे हुकूम, लग्नाची बोलणी, बाजारभाव, सारे माझ्यातून निघे. "काय मशीन हाय बाप्पा!" असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

मग कापसाची ती वाईट वर्षे आली. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. त्याच सुमारास सलीलभाऊ नावाचा एक गृहस्थ दर गुरुवारी दुकानात येऊन बसू लागला. पांढरा शर्ट, गोड बोलणे. तो माणसे मलेशियाला पाठवत असे.

"आधी फिरायला म्हणून जायचं," तो सांगे. "टुरिस्ट व्हिसा, आठ दिवसांचं हॉटेल. कामाचं तिथं गेल्यावर पाहू."

व्हिसासाठी लागणारे हॉटेलचे पत्र माझ्यातून निघे. वर ताडाच्या झाडाचे चित्र, खाली प्रवाशाचे नाव आणि पासपोर्टचा नंबर. ते पत्र बाहेर येताना सगळे माझ्याभोवती गोळा होत. मला वाटे, मी केवढे पुण्याचे काम करतो आहे!

पहिल्या खेपेला तिघे गेले. त्यांत जिनिंगवर काम केलेला देवीलाल होता. पोचल्यावर रविवारी या बूथवर फोन करतो, असे तो वडिलांना, पूनमसिंगांना, सांगून गेला. एक रविवार गेला, दुसरा गेला. पूनमसिंग दुकानातल्या बाकावर बसून असत. घंटी वाजली की उठत. फोन दुसऱ्याच कोणाचा असे.

दुसऱ्या खेपेत दीपमालाचा सख्खा भाऊ संघदीप निघाला. त्याचे पत्र फाडून घेताना दीपमाला थबकली. मित्रांनो, पाठवणाऱ्याचा नंबर मी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापतो. तो नंबर नागपूरचा होता.

"दादा, हे पत्र हाटेलातून आलंच नाही."

"नागपुराहून आलं असन. सलीलभाऊ तिथलाच हाय."

"मंग हाटेलवाल्याची सही नागपुरात कशी झाली?"

संघदीप चिडला. "जिनिंग बंद होऊन आठ महिने झाले. तू कायले आडवी येऊन राह्यली?"

दीपमालाने पत्रावरचा हॉटेलचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर भावाच्या कानाला लावला. पलीकडे एक बाई इंग्रजीत तेच ते वाक्य म्हणत होती. असा नंबरच नाही. संघदीपने ते तीनदा ऐकले. मग तो बाकावर, पूनमसिंगांच्या शेजारी बसला. त्याला त्यांच्याकडे पाहवेना.

त्या गुरुवारी सलीलभाऊ आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

दीपमालाने मलेशियातल्या भारतीय वकिलातीला माझ्यामार्फत सारी हकीकत कळवली. पाचव्या दिवशी उत्तर आले: तिघांचे पासपोर्ट नंबर ताबडतोब पाठवा. दोघांच्या घरी पासपोर्टची झेरॉक्स होती. पूनमसिंगांकडे फक्त, व्हिसा झाल्यावर देवीलालने घरी ठेवलेले, मी छापलेले हॉटेलचे पत्र होते. लेकाची आठवण म्हणून ते प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी उन्हातान्हात खिशात बाळगले होते. त्यांनी ते जपून उलगडले.

कागद कोरा होता.

माझ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे ऊन लागले की उडून जातात, मित्रांनो. हे मला ठाऊक होते, पण सांगायला मला तोंड नव्हते.

"बाई, याच्यावर होतं ना सारं," पूनमसिंग म्हणाले. "मह्या पोराचं नाव होतं."

पासपोर्ट कचेरीतून देवीलालचा नंबर मिळायला दोन महिने लागले. तोवर बाकीचे दोघे तिथल्या एका मळ्यावर सापडले आणि परत आले. ते सांगत होते, विमानतळावरच पासपोर्ट काढून घेतले, देवीलालला दुसऱ्या गाडीत बसवले. ती गाडी कुठे गेली, ते आजवर कोणी सांगितलेले नाही.

आता मला कोणी वापरत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातले कोणी दूर निघाले, तर छापले आहे म्हणून खरे मानू नका. आणि त्याचा पासपोर्टचा नंबर आपल्या हाताने, शाईने, वहीत लिहून ठेवा. माणूस हरवल्यावर त्याला शोधायला निदान तेवढे तरी हाती लागते.