उंबऱ्यातली शिळा

पोरसवदा राजाच्या अमलात नवा धर्म आला आणि चर्चमधल्या दगडी वेदी फोडायचा हुकूम निघाला, तेव्हा गिल्बर्ट पाथरवटाने बाकीची वेदी फोडली, वरची शिळा मात्र फोडली नाही. गाडीत पेंढ्याखाली लपवून ती घरी आणली आणि पुढच्या दाराला उंबरा म्हणून बसवली. शिळेवर कोरलेले येशूच्या जखमांचे पाच क्रूस खाली, पाठ वर. राजा लवकरच वारला. त्याची थोरली बहीण राणी झाली, जुना धर्म परतला, आणि शिळा पुन्हा वेदीवर चढली तेव्हा गिल्बर्टची आई थॉमझिन रडली होती. पण थोरलीही गेली. धाकटी गादीवर आली आणि पुन्हा तोच हुकूम. गिल्बर्टने पुन्हा तोच उंबरा केला आणि शिळा फोडल्याची शपथ बायबलवर हात ठेवून घेतली. राजांच्या मरणावर पोट भरतं ते एका पाथरवटाचं, असं शेजारचा बार्नबी कोष्टी म्हणायचा. गिल्बर्टचा हिशेब सरळ होता. हीही जाईल. बिनलग्नाची बाई, वारस नाही. थोडी कळ काढायची.

अडचण आईची होती. ती त्या दगडावर पाय देत नसे, घागरा उचलून ढांग टाकी. तिचं बघून सून तशी चालू लागली, मग बार्नबीही. गिल्बर्टने कितीदा समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा ढांग.

ईस्टरआधीच्या उपासात जुन्या धर्माच्या खुणा हुडकणारा राणीचा तपासनीस गावात आला. कोष्ट्याच्या अंगणात बिअर पीत तो बराच वेळ समोरचं दार न्याहाळत होता. मग उठून आला.

"या घरात सगळे बगळ्यासारखे का चालतात रे?"

"दगड निसरडा आहे, साहेब. आई एकदा पडली होती."

तपासनीस उंबऱ्यावर उभा राहिला. बुटाची टाच त्याने दगडावर घासून पाहिली. भिंतीला गिल्बर्टच्याच पहारी टेकलेल्या होत्या. दगड उलटायला तेवढ्या पुरे होत्या. उलटला, की गिल्बर्टला एक्सेटरचा तुरुंग, आणि तिथून फारसं कुणी परत येत नसे.

"मला तर बरा वाटतो," खाली उतरत तपासनीस म्हणाला. "आजीबाई, या बघू बाहेर. सावकाश."

थॉमझिन चुलीपाशी खारे मासे धूत होती. तिने हात पुसले, दाराशी आली, आणि वाकून पायातले लाकडी जोडे काढू लागली. जुन्या धर्मात गुड फ्रायडेला क्रुसापुढे लोक असेच अनवाणी सरपटत जायचे, आणि ते तपासनीसालाही ठाऊक होतं.

"आई, जोडे घाल," तो म्हणाला. "गारठा आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. जोडे पुन्हा पायात सरकवले आणि दोन्ही पावलं दगडावर ठेवून उभी राहिली.

"दगडच की हा," ती म्हणाली. "उगाच भ्यायले मी."

तपासनीस हसला, बार्नबीच्या बिअरची तारीफ करून घोड्यावर बसला आणि निघून गेला. थॉमझिन तिथेच उभी होती. गिल्बर्टने तिचा हात धरला.

"आई, उतर आता."

"आता उतरून काय होणार, गिल्बर्टा?"

त्यानंतर ती पुढच्या दाराने कधी गेली नाही. गोठ्यातून यायची, गोठ्यातून जायची. सुगी संपता संपता ती वारली. मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणायला आता बंदी होती. पाद्र्याने नव्या पुस्तकातल्या चार ओळी वाचल्या आणि थांबला. शवपेटी गिल्बर्टने गोठ्याच्या दाराने काढायला लावली. शेणात पाय भरल्यावर बार्नबी कुरकुरला, की चांगलं दार असताना हे काय.

"तो दगड निसरडा आहे," गिल्बर्ट म्हणाला.

वर्षं लोटली, धाकटी राणी काही मेली नाही. बार्नबी गेला, गिल्बर्टची बायको गेली, शिळेच्या खालच्या अंगाला काय आहे ते जाणणारं दुसरं कुणी उरलं नाही. गिल्बर्टची नातवंडं त्या उंबऱ्यावर बसून धोंड्याने अक्रोड फोडत. म्हातारा गिल्बर्ट गोठ्याच्या दारातून ते बघत असे. त्याने त्यांना कधी हटकलं नाही.