संपर्काचा रकाना

मुलांनो, अशी कल्पना करा, की वीस हजार खुर्च्यांच्या मैदानात तुम्ही एकटेच बसला आहात. साथ चालू असल्यामुळे प्रेक्षकांना बंदी, शाळांनाही टाळं. म्हणून तर फुटबॉल संघाच्या गोलकीपरची आठ वर्षांची मुलगी बाबांबरोबर आली होती आणि संघाच्या नर्सबाईंशेजारी बसली होती.

खेळाडूंनी भरून दिलेले तब्येतीचे अर्ज चाळता चाळता बाईंनी कपाळावर हात मारला. ‘पंधरा दिवसांतील जवळचा संपर्क’ या रकान्यात संघातल्या बावीसच्या बावीस खेळाडूंनी फोन नंबर लिहिले होते!

"अहो गोलकीपर, कोणाच्या जवळ गेला होतात ते विचारलंय. फोन कोणाला लावू ते नाही!"

"मग तसं लिहायचं ना, बाई!" तो बुटाची नाडी बांधत हसला. "कोणाच्या जवळ गेलो नाही. ताप नाही, तपासणी निगेटिव्ह. उद्या खेळू द्या. छत्तीस वर्षांचा झालो. एकदा जागा गेली, की मी कायमचा राखीव बाकावर."

"काकू, बाबा तर गोलपाशी एकटेच उभे असतात," मुलगी म्हणाली. "मग भीती कसली?"

"शाब्बास! उघड्यावर धोका कमीच गं. पण बसमध्ये? कपडे बदलायच्या खोलीत? तिथे सगळे एकच हवा घेतात. आणि तपासणी म्हणजे परवाचा फोटो. आज काय झालं, ते त्यात कसं दिसणार?"

मुलगी विचारात पडली. "मग आजोबा कालपासून खोकतायत, ते संपर्कात येतं? बाबा त्यांना भरवतात ना."

नाडी हातातच राहिली.

"चोंबडी कुठली," तो पुटपुटला. मग बाईंकडे न बघता म्हणाला, "साधा खोकला असेल."

"असेलही. आजच तपासून घेऊ. कळेपर्यंत तुम्ही घरी."

"आणि उद्याचा सामना?"

बाईंनी त्याच्या अर्जातल्या फोन नंबरवर रेघ मारून ‘वडील’ असं लिहिलं. त्याने मोकळ्या गोलकडे एकदा बघितलं. मग वाकून नाडी सोडायला लागला.

"बाबा, मी सांगायला नको होतं?"

"तू बरोबर सांगितलंस गं. मीच सांगायला हवं होतं."

"मग काकू, मी? मी तर बाबांच्या कुशीत झोपते."



मुलगी खुर्चीवरून उतरली आणि मास्क नाकावर ओढून एकेक पायरी चढत अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसली.