दुसऱ्या डोळ्याचं माप

"ही हनुवटी ठेवायची जागा बकरीच्या मापाची केलीय," यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकून ताई पुटपुटली.

धाकटी यंत्राच्या अलीकडे, वीतभर अंतरावर बसली होती. "बोलू नकोस. बोललीस की डोळा हलतो."

"मी काय डोळ्यांनी बोलते?"

"तू सगळ्या अंगानं बोलतेस. लाल ठिपक्याकडे बघ."

ताई गप्प बसली, म्हणजे तिच्या मानानं बसली. बावीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शेजारी बसून हुकूम सोडायची सवय हाडीमाशी मुरलेली, आणि इथे हुकूम सोडणारी तिची धाकटी बहीण.

धाकटी या डोळ्यांच्या दवाखान्यात मापं घ्यायची. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा किती लांब आहे ते यंत्र उजेडाच्या तिरिपेनं मोजतं, आणि मोतीबिंदू काढल्यावर आत कितव्या नंबरचं भिंग बसवायचं ते या लांबीवरून ठरतं. एक मिलिमीटर चुकला तर जवळजवळ तीन नंबरांचा घोळ. बारा वर्षांत हे वाक्य तिनं इतक्या नवख्यांना ऐकवलं होतं की तिच्या पाठीमागे ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवत.

डाव्या डोळ्याचे आकडे आले. तेवीस पॉइंट अठ्ठावन्न. एकोणसाठ. पुन्हा अठ्ठावन्न. इतके एकमेकांना धरून की यंत्रानंही हिरवी खूण दिली. अशा वेळी एरवी ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. आज तिनं तळहात तिसऱ्यांदा एप्रनला पुसले, खुर्ची पुढे घेतली, परत मागे नेली.

पडद्यावर दोन चौकटी होत्या. डावी भरली होती. उजवी रिकामी होती, आणि नजर राहून राहून तिकडेच जात होती.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांपूर्वी झाली. त्या डोळ्यातला मोतीबिंदू एवढा पिकला होता की उजेड आरपार जाईना. मग धाकटीनं जुनी पद्धत वापरली. बधिर करणारे थेंब घालायचे, पेनासारखी दांडी बुबुळाला हलकेच टेकवायची आणि आवाजाच्या लहरींनी माप घ्यायचं. सगळी मदार हातावर. हात जरा जड पडला की डोळा चेपतो आणि माप तोकडं येतं. त्या दिवशी ताई एका शिकाऊ गृहस्थाची गोष्ट सांगत होती. त्यांनी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घातली होती आणि वर दाढीचा भाव विचारला होता. दोघी हसत होत्या. परक्या माणसाला धाकटी दहा-दहा वेळा मोजायची. आपल्या माणसाला किती ताटकळवायचं, म्हणून ताईला तीनदा मोजून तिनं उरकलं. बावीस पॉइंट त्र्याण्णव, असं लिहिलं.

तो डोळा पावणेदोन नंबरनं घसरला. जवळचं लख्ख, लांबचं सगळं धुकं.

आणि तेव्हापासून घरात सगळे चवड्यांवर चालल्यासारखे वागत होते. ताई म्हणायची, "मोबाईल बिनचष्म्याचा वाचते, अजून काय हवं." भावोजी म्हणायचे, "हिला लांबचं दिसत नाही ते बरंच आहे, मी कुठे निघालो ते कळत नाही." परवा जेवताना भावोजींनी नव्या कपाटासाठी भिंतीचं माप घ्यायचा विषय काढला, आणि माप म्हटल्यावर तेच खोकायला लागले. कपाट राहिलं. ताईची गाडी मात्र दोन महिने खोळ घालून दारात उभी होती. चष्मा लावला की दोन डोळ्यांचे नंबर जुळत नसल्यानं तिला समोरचा रस्ता दोन मजली दिसायचा.

डॉक्टर दारातून डोकावले. "झालं डाव्याचं? छान. उजवा घसरला होता ना, म्हणून यात हिशेबापेक्षा एक नंबर कमी भिंग बसवू. काही डोळ्यांना आपलं सूत्र लागूच पडत नाही, दोन्ही डोळे सारखेच हट्टी निघतात. तासाभरात भिंग नक्की करतो, उद्या सकाळी शस्त्रक्रिया." आणि ते गेलेसुद्धा.

धाकटीनं मनात हिशेब मांडला. दोष डोळ्याचा असेल, तर डॉक्टर बरोबर होते. पण दोष हाताचा असेल, तर चांगला मोजलेला डावा डोळा उगाचच उलट्या बाजूला घसरणार. मग ताईचा एक डोळा एकीकडे, दुसरा दुसरीकडे, आणि गाडीची खोळ कायमची.

खरं काय ते कळायला अर्धं मिनिट पुरे होतं. उजव्यातला मोतीबिंदू आता निघाला होता. उजेड सरळ आत जाणार होता.

"उठू का?" ताईनं विचारलं.

"बस. उजवाही घेते."

ताईची हनुवटी पट्टीवरून वर आली. "त्याचं काय करायचंय? झालाय तो."

"घेऊ दे."

"हे बघ, सर म्हणाले ना डोळाच हट्टी आहे. माझाच आहे, माझ्यावर गेलाय. चल, मला भूक लागलीय." गाडी चुकीच्या रस्त्याला वळवणाऱ्या शिकाऊ माणसाशी बोलावं, तशी ती बोलत होती.

"हनुवटी ठेव ताई."

आत भिंग बसवलेलं आहे, अशी नोंद धाकटीनं यंत्रात केली. मग तिनं बटण दाबलं. तेवीस पॉइंट एकसष्ट. पुन्हा दाबलं. साठ. परत एकसष्ट. आठ वेळा घेतलं. तेव्हा लिहिलेलं बावीस पॉइंट त्र्याण्णव तोकडंच होतं. यंत्र चुकावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते तसूभर हलायला तयार नव्हतं.

कागद बाहेर आला. ताईनं तिचं मनगट धरलं. आकडे तिला बिनचष्म्याचे वाचता येत होते.

"फाड तो. नाहीतर यंत्र तेव्हा बिघडलेलं होतं म्हणून सांग. बारा वर्षं आहेस इथे, एवढं सांगायला काय जातं?"

धाकटीनं मनगट सोडवलं आणि चालायला लागली. बाकावरचे भावोजी उठले. "काय, पास की नापास?" ती थांबली नाही. मागे ताईच्या चपला फटफट वाजत येत होत्या.

डॉक्टर भिंगाचा फॉर्मच भरत होते. कागद पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं, पण नजर वर केली नाही. "होतं कधी कधी. पेशंट हलली असेल."

"हो ना," दारातून ताई म्हणाली. "मीच हलले सर. हसत होते मी."

डॉक्टर आणि ताई, दोघंही तिला सुटायला वाट मोकळी करून देत होते. नुसती मान हलवायची होती.

"ती हलली नव्हती सर," धाकटी म्हणाली. "मी हात दाबला. तीनदा मोजून उरकलं. तिचा डोळा मी बिघडवला. डाव्यातून एक नंबर कमी करू नका."