उजवीकडची जागा

आमच्या मालिकेतली गुप्तहेर पोरगी पंधरा वर्षांची आहे आणि ती कधीच फ्रेमच्या मधोमध उभी राहत नाही. शाळेचा व्हरांडा असो, ग्रंथालय असो, नाहीतर बंद पडलेला पोहण्याचा तलाव, ही आपली डाव्या कडेला. उजवी बाजू रिकामी. बाकी सगळं निळं, ओलं, गारठलेलं आणि त्या रिकाम्या जागेवर मात्र वेगळा दिवा, मंद पिवळा. प्रेक्षक म्हणतात, तिथं कुणीतरी आहे असं वाटत राहतं, अंगावर काटा येतो. समीक्षकांनी या शैलीवर पानंच्या पानं खरडली. लाइटवाले दादा मात्र रोज कुरकुरतात, "साहेब, जिथं माणूसच नाही तिथं उजेड कशाला?"

साहेब म्हणजे कॅमेरामन, म्हणजे माझे बाबा. मी त्यांची फोकस पुलर. कॅमेऱ्यापासून मुलीच्या डोळ्यापर्यंत टेप लावायची, अंतर मोजायचं आणि शॉट चालू असताना चाक फिरवून चेहरा स्पष्ट ठेवायचा, एवढंच माझं काम. यात कौतुक कुणी करत नाही. चुकलं की सगळे वळून बघतात.

ती जागा कुणाची, ते मला ठाऊक आहे. माझी ताई चौदाव्या वर्षी तापानं गेली. बाबांची जुनी लेन्स भिंगासारखी डोळ्याला लावून ती घरभर तपास करत फिरायची. साखरेच्या डब्यावरचे माझ्या बोटांचे ठसे तिनंच शोधले आणि आईकडे चुगलीही केली. आम्ही एकाच पलंगावर झोपायचो. उशिरा येऊन मला ढोसायची, "सरक गं जरा." आता मी वयानं तिच्या दुपटीहून मोठी आहे, तरी ती ताईच, आणि बाबा मला अजून धाकटीच म्हणतात. घरात दुसरं लेकरू नसताना धाकटी! राग येतो मला. सरळच सांगते, मेलेल्या बहिणीचा हेवा वाटतो. बाबा त्या रिकाम्या जागेकडे जसे बघतात, तसे माझ्याकडे कधी बघितलेच नाहीत.

म्हणून चॅनलच्या बाई सेटवर आल्या तेव्हा मनातून मला बरंच वाटलं.

"पोरं आता फोनवर बघतात, उभ्या पडद्यावर. कडा कापल्या जातात," बाई म्हणाल्या. "मुलगी मधोमध हवी. ती रिकामी जागा नको, आणि तो दिवा तर नकोच. जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरं कुणी बघू."

बाबा भांडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "दादा, तो दिवा बंद करा." आवाज असा, की दादाही कुरकुरायचं विसरले.

मुलगी शाळेच्या व्हरांड्यात मधोमध उभी राहिली. मी टेप लावला, चाकावर खूण केली. ती वळून चोराचं नाव सांगणार, इतकाच शॉट. ती वळली आणि माझा हात फिरला. चाक खूण सोडून पुढं गेलं. मॉनिटरवर तिचा चेहरा विरघळला आणि मागची, उजवीकडची भिंत स्पष्ट झाली, रंगाचे पोपडे दिसावेत इतकी. दिव्याविना, रिकामी. मला तिथं काही दिसलं नव्हतं, शपथेवर सांगते. माझ्या हाताला काय दिसलं, देव जाणे.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली नाही. "जेवणाची सुट्टी करा."

सगळे गेले. बाबांनी स्वतः जाऊन दिवा लावला आणि परत कॅमेऱ्यामागं येऊन उभे राहिले. मला कळलं, हे आता काम सोडणार, घरी बसणार आणि कुठल्या तरी भिंतीकडे असेच बघत राहणार. मी शेजारी बसलेली असले तरी. मी तरातरा गेले आणि त्या पिवळ्या उजेडात उभी राहिले.

"तिथं नको उभी राहू," बाबा म्हणाले.

"का नको? मीपण तुमचीच आहे ना? बघा की माझ्याकडे!"

भांडायला उठल्यासारखा आवाज निघाला माझा. बाबांनी टेपचं टोक कॅमेऱ्याला अडकवलं आणि टेप ओढत माझ्यापर्यंत आले. माझ्या डोळ्यापाशी टेप धरून त्यांनी अंतर वाचलं. मी आजवर दुसऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत टेप नेला, माझ्यापर्यंत कुणी आणला नव्हता. मग त्यांनी मागं जाऊन चाक फिरवलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"दिसतेय का मी?"

"दिसतेस." त्यांचे खांदे हलत होते. मग नेहमी शॉट लावताना बोलतात तसंच, शांतपणे म्हणाले, "धाकटे, थोडी सरक. दोघी मावायला हव्यात."

मी सरकले. किती सरकायचं, ते विचारावं लागलं नाही.