दिसलं, सर

माझ्या दोन्ही बाजूंना एकेक चाक आहे. बोटांची पकड बसावी म्हणून चाकांच्या कडेला बारीक खाचा पाडलेल्या आहेत. इतकी वर्षे उलटूनही त्या खाचा नव्यासारख्या धारदार आहेत. मित्रांनो, यंत्राच्या बाबतीत ही कौतुकाची गोष्ट नाही. तिचा अर्थ इतकाच, की मला फार थोड्या बोटांनी फिरवले.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. मला जोडणाऱ्या कारागीर बाईंनी शेवटी माझी चाके फिरवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "जरा जड आहे. पोरांच्या हाती पडला की होईल मोकळा." त्या भरवशावर मी खोक्यात बसलो.

पण पोरांच्या हाती मी पडलोच नाही. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला मोठ्या खटपटीने मिळवले होते. माणूस वाईट नव्हता. मला स्वतः मऊ कापडाने पुसायचे. मात्र जिवापाड जपता जपता त्यांनी एक नियम घालून दिला. शिक्षकांनी काचपट्टी लावायची. मुलांनी रांगेने येऊन, हात मागे बांधून, एकदाच पाहायचे. काही फुटले तर ज्यांच्या तासाला फुटले, त्यांनी जाब द्यायचा. मग कोणते शिक्षक मला आनंदाने बाहेर काढतील? पाहुणे आले की माझ्यावरचे झाकण निघे, "वा, अगदी नवा दिसतो," असे कौतुक होई, आणि मी पुन्हा कपाटात.

त्या नियमात एक गफलत होती. प्रत्येकाची नजर निराळी असते. एकाच्या डोळ्याला नीट लावलेले भिंग दुसऱ्याला धूसर वाटू शकते. चाक किंचित फिरवले की त्यालाही स्पष्ट दिसते. पण हात मागे बांधल्यावर चाक फिरवणार कोण? कितीतरी मुले माझ्यात डोकावली, त्यांना नुसते धुके दिसले, आणि मागची रांग ढकलत असल्यामुळे ती म्हणाली, "दिसलं, सर." मग त्यांनी वहीत पुस्तकातली आकृती उतरवली. सगळ्यांच्या आकृत्या सारख्या, सगळ्यांना शाबासकी. मी मात्र मनातल्या मनात झुरत असे.

पुढे ते मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि बऱ्याच वर्षांनी त्या जागी मोठ्या बाई आल्या. नियम तसाच राहिला. मुलांना हात लावू द्या, असे विज्ञानाच्या सरांनी बाईंना कितीदा विनवले. दर वेळी उत्तर एकच, "बघू हं सर, समितीच्या कानावर घालते." शेवटी एका सकाळी, प्रयोगशाळेच्या दारातच सर म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी मला नुसतं गणित द्या."

"का हो?"

"कांद्याची साल फळ्यावर काढूनच शिकवायची असेल, तर खडू पुरे. ह्या बिचाऱ्याला कशाला त्रास?"

ह्या बिचाऱ्याला म्हणजे मला. सर गेले की मला कपाटातून काढणारे कोणी उरले नसते.

मोठ्या बाई तास पाहायला मागच्या बाकावर जाऊन बसल्या. रांग लागली. "दिसलं, सर." "दिसलं, सर." मग एक मुलगी आली. सतत प्रश्न विचारते म्हणून वर्गाने तिचे नाव शंकाताई ठेवले होते.

"सर, धुकं आहे."

"अगं, दिसलं म्हण आणि सरक पुढे," मागून कोणीतरी कुजबुजले. "हिचं दर वेळी काहीतरी असतंच."

"नाही दिसलं तर कसं म्हणू?"

मोठ्या बाई उठल्या. त्याही याच शाळेत शिकलेल्या. चष्मा काढून त्या माझ्यावर वाकल्या, आणि त्यांचे हात आपोआप मागे गेले. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"हिचं खरं आहे, सर. मलाही धुकंच दिसतंय." मग त्या हळूच म्हणाल्या, "मी हिच्याएवढी होते तेव्हाही धुकंच होतं. दिसलं म्हणून मोकळी झाले."

वर्ग हसला. सरही हसले. "ते माझ्या नजरेला लावलंय, बाई. चाक फिरवा. अगदी जरासं."

बाईंचा एक हात पुढे आला. चाक आधी कुरकुरले, मग फिरले. धुके विरले आणि विटांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

"असं असतं होय हे," बाई म्हणाल्या. कित्येक वर्षांचा ताण माझ्या अंगातून उतरला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला जरूर जपा. भिंगाला बोट लावू नका, चाक सावकाश फिरवा. पण जपायचे म्हणून त्याला कोंडून ठेवू नका. वापरून झिजण्याचे आम्हाला दुःख नसते.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "सर, ते गणिताचं राहू द्या."

"आणि हा फुटला तर?"

बाईंनी शंकाताईला माझ्यासमोर उभे केले. तिचे मागे बांधलेले हात सोडवले. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आजपासून हा कसा वापरायचा, ते तुम्ही आणि मुलं मिळून ठरवा. फुटला तर जाब मी देईन."