पुडिंगची नवी फर

क्लिफला एकदा माया सुटली की त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. यॉर्कशरच्या डोंगरात त्या वर्षीचा पहिला बर्फ पडला, तशी हा बाबा परसातल्या खुराड्यातून पुडिंग सशिणीला उचलून थेट स्वयंपाकघरात घेऊन आला.

"अरे, अंगभर फर आहे तिला! तुझ्या डोक्यावर तेवढी असती तर टोपी लागली नसती," त्याची बायको एनिड म्हणाली.

"कुडकुडत होती गं बिचारी."

कुडकुडत कसली! खुराड्यात हातभर पेंढा, वर जुना गालिचा, पाण्याची बाटली गोठू नये म्हणून तिला क्लिफचाच लोकरीचा मोजा. शिवाय अंगाला अंग लावून झोपायला मेजर ससा होताच की. पण मेजरला आत घ्यायचं नाव क्लिफ काढेना. त्यानं पूर्वी एकदा खुर्चीचा पाय कुरतडला होता ना, तो राग!

आठवडाभर पुडिंग हीटरपाशी लोळली आणि तिची फर गळायला लागली. चहात केस, लोण्यात केस. इकडे मेजर एकटा पडला. तो एनिडच्या बहिणीचा, मॉडचा ससा. मॉड गेली तेव्हा तिचं म्हणून एवढंच एनिडकडे आलं होतं. रविवारी सकाळी एनिडनं त्याच्यापुढे गाजराचा पाला धरला, तर त्यानं तोंड फिरवलं. ती धावतच फोनकडे गेली. खाणं सोडलेल्या सशाचा एका दिवसाचाही भरवसा नसतो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच दोघांना झापलं. "तिला एकदम बाहेर काढलंत तर काकडून मरेल, त्याला उबेत आणलंत तर त्याचीही फर जाईल. दोघांना एकत्र ठेवा, गार जागेत. तासाभरात खाल्लं नाही त्यानं, तर तडक इकडे घेऊन या."

"गार जागा कुठून आणायची आता?" क्लिफनं विचारलं.

"हीटर बंद कर, खिडकी उघड. आणि ओव्हनला हात लावायचा नाही!"

"अगं, पण आज रविवार! माझं मटण? माझा रस्सा?"

"पाव आहे आणि चीज आहे."

मेजरला आत आणलं. त्यानं पुडिंगला हुंगलं, मागचा पाय दाणकन आपटला आणि पाठ फिरवून बसला. एनिड जमिनीवर बसून राहिली. मॉडचं एवढं एकच राहिलंय, तेही आपल्या हातून जाणार, या विचारानं तिला रडूच फुटलं. क्लिफ कोट घालून तिच्याशेजारी बसला.

मग पुडिंग सरकत सरकत गेली आणि तिनं मेजरच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं. पठ्ठ्या ढिम्म! बऱ्याच वेळानं त्यानं तिचा कान चाटला. मग दुसरा. मग मान लांब करून पाला ओढला आणि कचाकचा खायला लागला.

"मॉड, खाल्लं गं बाई त्यानं!" एनिड ओरडलीच.

क्लिफनं नाक पुसलं. "मग आता लावू हीटर?"

"खबरदार! हिला नवी फर आल्याशिवाय नाही."

"म्हणजे कधी?"

"वसंतात."

क्लिफ उठला, माडीवरची रजई घेऊन आला आणि एनिडच्या नि आपल्या अंगावर पांघरली. "सरक जरा तिकडे."

"हात बघ, बर्फ झालाय नुसता!" एनिड म्हणाली आणि तिनं ते आपल्या काखेत घेतले.